जत्रा गावाची, बंब कोणाचा?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक परिपत्रक निघते. ते तालुक्याला येते, तालुक्यातून ग्रामपंचायतीला येते आणि पंचायतीच्या फलकावर चिकटवले जाते. रात्री आठ ते दहा या वेळेतच फटाके उडवावेत, हरित फटाकेच वापरावेत, परवान्यावाचून विक्री करू नये, इस्पितळे व शाळा यांच्या आसपास आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्व सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य हमखास असते : 'आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी.' माघापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की याच मजकुराचा दुसरा अवतार प्रकट होतो. त्याचाही शेवट तोच.

या शेवटच्या वाक्याविषयी आम्हांला आज लिहावयाचे आहे. राज्य शासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे अशा वाक्यांशी आमचा परिचय जुना आहे. साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात फटाक्यांचा आणि अनुदानांचा विषय कशाला, असे कोणी विचारील, तर त्यास आमचे उत्तर असे की हा प्रश्न प्रथम भाषेचाच आहे. 'दक्षता घेण्यात यावी' या वाक्यात कर्ता नाही. दक्षता कोणी घ्यावी, कोणत्या साधनाने घ्यावी, तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा, आणि ती न घेतल्यास जाब कोणास विचारावा, यांतील एकही गोष्ट त्या वाक्यातून कळत नाही. अपघात घडल्यावर मात्र तेच वाक्य फायलीतून बाहेर काढले जाते आणि 'आम्ही सूचना दिली होती' या उत्तराचा पुरावा बनते. व्याकरणातील कर्त्याचा लोप प्रशासनात किती उपयोगी पडतो, हे शासकीय नोकरीत राहिलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सुरक्षिततेचे नियम गावापर्यंत पोचतात. ते पाळण्याचे साधन, पैसा आणि अधिकार गावापर्यंत पोचत नाहीत. ही निव्वळ हयगय असती तर एखाद्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने ती दूर केली असती. परंतु तिचे मूळ आपल्या घटनेच्या परिशिष्टांत, अनुदानांच्या अटींत आणि आपल्या जत्रा-कमिट्यांच्या जमाखर्चात आहे. म्हणून ते उघड्यावर आणणे अगत्याचे वाटते.

प्रथम आमच्या मुलखाचा विचार करू. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, रामेश्वर आणि माउली यांच्या छायेत वसलेले हे गाव. चोरल्याचा घाट उतरला की गोवा. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते हे खरे. परंतु माघापासून वैशाखापर्यंत हाच मुलूख वाळून खडखडीत होतो. गवताच्या गंज्या, काजूच्या बागा, वाटेवरचा पाचोळा आणि शेजारी २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य. २०२३ च्या मार्च महिन्यात घाटाखाली सत्तरीतील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली होती. आणि नेमक्या याच कोरड्या महिन्यांत आमच्याकडील गावोगावच्या देवींच्या यात्रा भरतात. पालखी निघते, दुकाने लागतात, गॅसच्या शेगड्या पेटतात आणि रात्री दारूकाम होते.

आता अंतराचा हिशेब पाहावा. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या मानकांनुसार शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी पोचावयास हवी. कणकुंबीपासून खानापूर घ्या किंवा बेळगाव घ्या, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे, आणि रस्ता जांबोटीच्या रानातून वळणे घेत येणारा आहे. वीस मिनिटांत तेथून येथवर कोणते वाहन पोचेल, हे ज्यांनी मानके लिहिली त्यांनीच सांगावे. फलकावरील परिपत्रक मात्र बेळगावच्या शहापुरातही तेच आणि कणकुंबीतही तेच.

कोणी म्हणेल, ही सारी भीती काल्पनिक आहे. तसे असते तर बरे झाले असते. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री, आमच्या घाटाच्या पायथ्यापलीकडे, गोव्यातील हडफडे येथील एका नाइट क्लबला आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. त्यांत बहुतेक तेथील नोकरचाकर होते. पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेले. आत उडविलेल्या विद्युत-फटाक्यांमुळे आग लागली, असे सरकारकडून सांगण्यात आले. वाट इतकी अरुंद होती की बंबांना दूरच थांबावे लागले. या प्रकरणात आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग ग्रामपंचायतीचा आहे. ते बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने काढलेली होती आणि तिला पंचायत संचालनालयाच्या पातळीवर स्थगिती मिळालेली होती. पंचायतीच्या धंदा-परवान्याची मुदत मार्च २०२४ मध्येच संपली होती, तरी टाळे ठोकण्याची कारवाई त्याच पंचायतीने केली नाही. म्हणजे गावाने नोटीस दिली, वरच्याने ती अडविली, आणि पुढे गावानेच डोळे मिटले. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे. परंतु अधिकार एकाकडे, स्थगिती दुसऱ्याकडे आणि बंब तिसऱ्याकडे असला की काय होते, ते ठरविण्यास न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. या आगीनंतर उत्तर गोव्याच्या जिल्हा प्रशासनाने बंदिस्त करमणूकस्थळांत आतषबाजीस मनाई केली. हा आदेश पंचवीस प्रेतांनंतर निघाला.

त्याच वर्षीच्या ३ मे रोजी पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन निदान सहा भाविक दगावले. लईराईचे धोंड गोव्याबरोबरच महाराष्ट्रातून आणि आमच्या बाजूनेही जातात. आणि ज्यांची स्मृती लांबची आहे त्यांना २५ जानेवारी २००५ चा मांढरदेव आठवेल. वाई तालुक्यातील काळूबाईच्या यात्रेत त्या दिवशी सुमारे तीनशे माणसे गेली. निसरड्या पायऱ्या, दुकानांनी आवळलेली वाट, मग जाळपोळ आणि दुकानांतील गॅस सिलिंडरांचे स्फोट. त्यावर न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग बसला. आमच्या किती यात्रा-कमिट्यांनी त्या अहवालाची पाने चाळली असतील? आणि किती पंचायतींना तो अधिकृतपणे पाठविला गेला असेल?

कर्नाटकाची कथा निराळी नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेर हावेरीजवळ फटाक्यांच्या गोदामाला आग लागून कामगार मरण पावले. तिच्यावर सव्वा महिना उलटतो न उलटतो तोच, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, बेंगळुरूजवळील अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामाने पेट घेतला. त्या दिवशी चौदा प्रेते निघाली आणि पुढे हा आकडा वाढला. मेलेले बहुतेक तामिळनाडूतून हंगामी कामासाठी आलेले तरुण होते. काही अधिकारी निलंबित झाले. लग्नकार्ये, मिरवणुका, राजकीय समारंभ यांत फटाके वाजविण्यास बंदी करण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. आज, इतक्या काळानंतर, लग्नाची वरात आणि निवडणुकीच्या निकालाची मिरवणूक कोठल्या गावात फटाक्यांवाचून निघते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. हावेरीनंतर पाहणी नीट झाली असती तर अत्तिबेले घडले असते काय, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. तो त्या चौदा घरांनी विचारावयाचा आहे.

नियम नाहीत म्हणून हे घडते, असे समजणे चुकीचे होईल. नियम पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरेचसे शहाणपणाचे आहेत. १८८४ चा स्फोटक पदार्थ कायदा आहे. त्याखालील २००८ च्या नियमांत सणासुदीच्या तात्पुरत्या दुकानांविषयी स्पष्ट लिहिलेले आहे : शेड न पेटणाऱ्या साहित्याची असावी, दोन दुकानांत निदान तीन मीटर आणि संरक्षित वास्तूंपासून पन्नास मीटर अंतर असावे, दुकाने समोरासमोर नसावीत, आत तेलाचा दिवा, गॅसबत्ती किंवा उघडी ज्योत नसावी, एका जागी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत. फटाक्याच्या आवाजाची मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल अशी १९९९ पासून ठरलेली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाक्यांना मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय जुलै २००५ मधला, आणि हरित फटाके व दिवाळीत आठ ते दहा ही वेळ सांगणारा २३ ऑक्टोबर २०१८ चा. या शेवटच्या निर्णयात तर न्यायालयाने उल्लंघनाबद्दल संबंधित पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास व्यक्तिशः जबाबदार धरले. न्यायालयाने निदान एक कर्ता नेमला, याबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु तो कर्ताही डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या कैक गावांचा एकटाच. तो एका रात्री किती देवळांच्या पटांगणांत उभा राहील? आणि डेसिबल मोजण्याचे यंत्र आमच्याकडील कोणत्या पंचायतीत आहे? हरित फटाक्याने धूर कमी होतो. नागपूरच्या नीरी संस्थेने तो शोधला याचा आपल्याला अभिमानही असावा. पण गवताच्या गंजीला ठिणगीचा रंग कळत नाही.

आता मुळाकडे येऊ. १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्याला घटनेत स्थान मिळाले. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामीण संस्थांसाठी अकरावे परिशिष्ट जोडले, त्यात एकोणतीस विषय आहेत. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बारावे परिशिष्ट जोडले, त्यात अठरा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. नागरी यादीत सातवा विषय आहे 'अग्निशमन सेवा'. ग्रामीण यादीत शेतीपासून सामूहिक मालमत्तेच्या निगराणीपर्यंत सर्व आहे. बाविसावा विषय 'बाजार व जत्रा' हाही आहे. अग्निशमन मात्र नाही. जत्रा गावाची, तिचा बाजार गावाचा, परंतु जत्रेत लागलेली आग ही गावाची बाब नव्हे, असे जणू घटनेनेच सांगून ठेवले आहे. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. खेड्यात आग लागली तर माणसे विहिरीवरून घागरी आणून विझवतात, हा त्यामागील समज असावा. पण ज्या काळात खेड्यात गॅस सिलिंडर, पेट्रोलच्या गाड्या आणि हजारो रुपयांची आतषबाजी आली, त्या काळात घागरीचा समज टिकत नाही.

येथे कर्नाटकाची एक विशेष गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात अग्निशमन दले मुख्यतः महापालिका-नगरपालिकांची असतात. कर्नाटकात १९६४ च्या कायद्यान्वये हे दल राज्य शासनाच्या खात्याचे आहे. म्हणजे येथे निपाणीसारख्या नगरसभेलाही स्वतःचा बंब हुकमाने हलविता येत नाही. मग कणकुंबीची काय कथा? खाते एकसंध असण्याचे फायदे आहेत हे आम्ही नाकारीत नाही. प्रशिक्षण सारखे मिळते, साहित्य सारखे मिळते. तोटा एवढाच की केंद्र कोठे असावे, हा निर्णय बेंगळुरूत होतो, आणि तेथून पाहता बेळगाव जिल्हा हा नकाशाचा कोपरा, आणि कणकुंबी हा त्या कोपऱ्याचाही कोपरा.

पैसा नाही म्हणावे तर तसेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधींकरिता एक लाख साठ हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली. राष्ट्रीय निधीतून पाच हजार कोटी रुपये केवळ अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी राखले गेले, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राने त्याची योजना सुरू केली. ती रक्कम राज्यांच्या खात्यांकडे जाते. गावाला मिळते ते दुसरे अनुदान. त्यातील साठ टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेले. उरलेले चाळीस टक्के 'अबद्ध', म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चावयाचे. या 'अबद्ध' शब्दावर मात्र कोणी हुरळून जाऊ नये. ते खर्चावयाचे कोठे, तर अकराव्या परिशिष्टातील एकोणतीस विषयांवर! आणि त्यांत अग्निशमन नाही, हे आपण वर पाहिलेच. एखाद्या सरपंचाने हौसेने पाण्याचा टँकर-पंप आणि वाळूच्या बादल्या घेतल्या, तर लेखापरीक्षक विचारणार की हा खर्च कोणत्या विषयाखाली? लेखा-आक्षेपाची धास्ती काय असते, हे आम्ही जाणतो. त्या धास्तीने कितीतरी चांगली कामे कागदावर येण्यापूर्वीच मरतात, आणि रस्त्याच्या बाजूचे गटार तिसऱ्यांदा बांधले जाते, कारण गटाराला आक्षेप येत नाही.

याला उपाय नाही काय? आहे, आणि त्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. बाविसावा विषय 'बाजार व जत्रा' असा आहे. जत्रेतील वाट मोकळी ठेवणे, दुकानांत अंतर राखणे, पाणी व वाळू सज्ज ठेवणे, प्रथमोपचाराची सोय करणे, हे सारे जत्रेचेच अंग आहे. राज्याच्या पंचायत खात्याने असे स्पष्टीकरण करणारे दोन ओळींचे पत्रक काढले, तर हजारो पंचायतींच्या हातांतील बेडी गळून पडेल. वर्षाकाठी शेकडो परिपत्रके काढणाऱ्या खात्याला हे एक पत्रक जड जाऊ नये. परंतु त्यासाठी वर मागणी पोचवावयाची कोणी? ग्रामपंचायत आणि राज्य यांच्यामधील तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या निवडणुका झाल्याच नाहीत. मधली पायरी काढून घेतलेल्या जिन्यावरून गावाने वर कसे चढावे?

येथवर आम्ही सरकारला दोष दिला. आता आपल्या अंगणात पाहू. जत्रा-कमिट्यांचे कार्यकर्ते म्हणतात, दारूकाम ही आपली परंपरा आहे. तिच्यावर बोट ठेवणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ. परंपरेचा दाखला देणाऱ्याने परंपरा वाचलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर एक व्यासंगपूर्ण प्रबंध लिहिला, आणि १९५३ मध्ये तो छापला गेला तो बेंगळुरूत. त्यावरून दिसते की पंधराव्या शतकापूर्वीचा दारूकामाचा भक्कम दाखला आपल्याकडे मिळत नाही. १४४३ मध्ये विजयनगरास आलेल्या अब्दुर्रझाकाने तेथील उत्सवातील आतषबाजी नोंदविली आहे. म्हणजे आपली दैवते आणि त्यांचे उत्सव दारूकामाहून पुष्कळ जुने. सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी 'दारूखान्याची लंका' उडाली असे बखरीत येते. ती कल्पना ज्या कोट्याच्या राजाकडून आली, तो हा खेळ राजधानीच्या बाहेर मोकळ्या मैदानात करीत असे. पूर्वजांना आतषबाजीचा षोक होता आणि अंतराचे भानही होते. आपण षोक तेवढा उचलला आणि मैदान सोडून देऊन देवळाच्या आवारात, कौलारू घरांच्या आळीत आलो.

केरळातील पुट्टिंगल देवळाचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे तेथील आतषबाजीच्या साठ्याला आग लागून शंभरांहून अधिक माणसे मेली. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. तरीही कार्यक्रम झाला, कारण गर्दी जमलेली होती आणि नाही म्हणण्याची हिंमत आयत्या वेळी कोणातच उरली नव्हती. नकार कागदावर राहिला. म्हणून आम्ही म्हणतो की केवळ सरकारी मनाईने हे थांबणार नाही. गावाची मान्यता त्या मनाईच्या मागे उभी असावी लागते.

दुसरा आक्षेप असा की आमच्याच सणांवर नजर का? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. नियम दिवाळीला लावावयाचा आणि नववर्षाच्या रात्री, क्रिकेटच्या विजयानंतर, आमदाराच्या वाढदिवसाला गुंडाळून ठेवावयाचा, असे होत असेल तर लोकांचा नियमावरील विश्वास उडतो आणि तो उडणे रास्तच आहे. हडफड्याच्या क्लबात कोणता धार्मिक उत्सव चालला होता? आग जात-धर्म पाहत नाही. नियमानेही पाहू नये. परंतु इतरांना सूट मिळते म्हणून आपल्याही पोरांचे हात भाजू द्यावेत, हा युक्तिवाद कोणत्या धर्मात बसतो, ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

जगात इतरत्रही हा धडा रक्त सांडूनच शिकला गेला. १३ मे २००० रोजी नेदरलँड्समधील एन्स्खडे शहरात फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट होऊन तेवीस माणसे मेली आणि एक अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली. त्या चौकशीत कंपनीबरोबर परवाने देणारी नगरपालिका आणि देखरेख करणारी सरकारी खातीही दोषी ठरली. पंचवीस वर्षांनी, २०२५ मध्ये, त्या देशाच्या संसदेने सामान्य नागरिकांनी फटाके उडविण्यावर देशव्यापी बंदी घालणारा कायदा मंजूर केला. आम्ही तसल्या सरसकट बंदीचे समर्थक नाही. मात्र परवाना देणाऱ्यालाही जाब देणे भाग पडते, ही गोष्ट तेथून घेण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट, जी या सीमाभागात बोलल्यावाचून राहवत नाही. आमच्या फलकावर लागणारे परिपत्रक कन्नडमध्ये असते. कन्नड ही आमच्या शेजाऱ्यांची समृद्ध भाषा आहे आणि तिच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु कणकुंबीच्या पंचक्रोशीतील म्हातारी बाई, जत्रेत भजीचे दुकान मांडणारा माणूस, दारूकामाची सुपारी घेतलेला तरुण हे मराठी वाचतात. जेथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांवर आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हा अल्पसंख्य भाषिकांसाठीच्या संरक्षणांतील जुना, सर्व राज्यांना मान्य असलेला संकेत आहे. भाषिक अल्पसंख्यांच्या आयुक्तांचे पद १९५६ मध्ये घटनेत आले ते अशाच गोष्टींसाठी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागावयाचा तो लागो. 'येथे सिलिंडर ठेवू नये' हे वाक्य वाचणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहिण्यासाठी त्या निकालापर्यंत थांबण्याची गरज नाही. न कळलेली सूचना ही सूचनाच नव्हे. तो फक्त लिहिणाऱ्याचा बचाव आहे.

तेव्हा आमच्या मागण्या सांगतो. शासनाकडे तीन. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, बारमाही केंद्र शक्य नसल्यास निदान माघ ते वैशाख, एक लहान अग्निशमन वाहन आणि त्याचे कर्मचारी ठेवावेत. अबद्ध अनुदानातून जत्रेच्या सुरक्षेवर खर्च करता येतो, असे लेखी स्पष्टीकरण द्यावे. १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षे सोळाव्या वित्त आयोगाच्या वाट्याची आहेत, त्यांतील नवी चौकट बसते आहे तोवरच हे व्हावे. आणि सुरक्षेविषयीची प्रत्येक सूचना कन्नडबरोबर मराठीतही काढावी.

गावाकडेही तीनच. जत्रेपूर्वी ग्रामसभा घेऊन दारूकामाची जागा, वेळ आणि जबाबदार माणसाचे नाव यांचा ठराव करावा. नाव एकाच माणसाचे असावे, 'समस्त ग्रामस्थ' असे लिहू नये. दारूकाम गावाबाहेरच्या मोकळ्या, गवत कापून स्वच्छ केलेल्या जागी व्हावे, आणि तशी जागा नसेल तर त्या वर्षी होऊ नये. तिसरी मागणी जमाखर्चाची. कमिटी जितके रुपये दारूकामावर घालील, तितकेच पाणी, वाळू, प्रथमोपचार आणि वाट मोकळी ठेवणारे स्वयंसेवक यांवर घालावेत. त्याने उत्सव महाग होतो अशी तक्रार कोणी केली, तर दारूकाम निम्मे करावे. हिशेब आपोआप जुळेल.

जत्रेनंतर बहुतेक कमिट्या देवळाच्या भिंतीवर जमाखर्च लावतात. मंडप, वाजंत्री, महाप्रसाद, दारूकाम अशी त्यात शीर्षे असतात. पुढच्या हंगामात त्या कागदावर 'सुरक्षा' असे एक शीर्ष, त्यापुढे एक रक्कम आणि त्याखाली एका माणसाची सही दिसली, तर त्या गावाने तरी परिपत्रकातील त्या वाक्याला कर्ता मिळवून दिला, असे आम्ही समजू.